एकेचाळीस रिपोर्टांची जमनी

धर्मपाल मुनेश्वरने मंगळवारी सकाळी आपलं रजिस्टर कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. सव्वीस वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आलेलं रक्त त्याने रजिस्टरात लिहून घेतलं होतं. आता रक्त तपासणाऱ्या यंत्राची वायर थेट कॉम्प्युटरला जोडली होती. यंत्रातून निघालेला आकडा आपोआप त्या माणसाच्या नावावर जाऊन बसणार, आणि तो इथे डॉक्टरांना, तिकडे यवतमाळला साहेबांना एकाच वेळी दिसणार. शिकवायला आलेल्या इंजिनिअरबाईंनी नमुन्यादाखल त्याचंच नाव-नंबर नोंदवून दाखवलं होतं आणि जाताना बजावलं होतं, "काका, आता वही विसरा." 'काका' त्याला जरा लागलं, पण वही विसरायचं मात्र त्याने फारच मनावर घेतलं.

नव्या पद्धतीचं पहिलं काम होतं लखीराम नाईकाच्या तांड्यावरच्या शिबिराचं. आदल्या दिवशी तिथे एकेचाळीस जणांचं रक्त घेतलं होतं. तांड्यावरची आशाताई जमनी आडे हिने सगळ्यांचे फॉर्म आपल्या ठसठशीत अक्षरात भरून दिले होते. धर्मपालने रांगेतली एकेक नळी उचलली, तिच्यावरचं नाव पाहून फॉर्म शोधला, त्यावरचा मोबाईल नंबर कॉम्प्युटरात टाकला आणि छापून आलेलं स्टिकर नळीवर, बरोब्बर नावावरच, चिकटवलं. नंबर टाकला की पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं, 'रुग्ण सापडला'. असं एकेचाळीस वेळा आलं. नोकरीत इतकी शाबासकी त्याला कधीच मिळाली नव्हती. त्या भरात खालच्या ओळीतलं नाव वाचायचं राहून गेलं.

वाचलं असतं तर एकेचाळीस वेळा एकच नाव दिसलं असतं. तांड्यावर मोबाईलला रेंज मिळते ती फक्त जमनीच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली. दवाखान्याचा निरोप तिच्या फोनवर येतो आणि ती तो घरोघरी पोचवते. म्हणून मोबाईलच्या रकान्यात तिने सगळ्यांपुढे स्वतःचाच नंबर लिहिला होता. आजवर तिचा एकही निरोप चुकला नव्हता, तेव्हा यात काही वावगं आहे असं तिला का वाटावं? कॉम्प्युटरचा हिशेब मात्र सरळ होता. एक नंबर, एक माणूस; आणि हा नंबर आधीपासून जमनीच्या नावावर होता.

दुपारी यवतमाळहून साहेबांचा फोन आला. तुमच्याकडच्या जमनी आडे या बाईंची साखर बासष्ट आहे आणि चारशे दहासुद्धा आहे, हिमोग्लोबिन दहा मिनिटांत पंधरावरून चारवर आलंय, आणि रक्तगट चारही आहेत, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "मुनेश्वर, बाई जिवंत आहेत ना?"

धर्मपालने पडदा पाहिला. एकेचाळीस रिपोर्ट, एकच नाव. तो काही बोलायच्या आत साहेबांच्या हुकमाने ॲम्ब्युलन्स सुटलीसुद्धा. ड्रायव्हर राजकुमार हुकमाचा पक्का. बाळांचं वजन करत असलेल्या जमनीला त्याने काट्यासकट गाडीत बसवलं. तांड्यावर रडारड झाली, आणि लखीराम नाईक फेटा बांधून पुढच्या सीटवर चढले.

इकडे डॉक्टर मैत्रेयींच्या सगळा घोळ लक्षात आला होता. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे धर्मपाल जास्तच घाबरला. "बाकीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "हे चार पूर्णांक दोन हिमोग्लोबिन कुणाचं आहे, तेवढं सांगा. तो माणूस आत्ता घरी कामाला जुंपलेला असेल, आणि कधीही कोसळेल."

यंत्रात त्या नळीचा क्रमांक होता तेवीस. धर्मपालने तिचं स्टिकर सोललं, तर नावाची शाईही स्टिकरबरोबर निघून आली. फॉर्मवर नमुन्याच्या क्रमांकाचा रकाना होता, पण क्रमांक लिहायची त्याची सवय रजिस्टरात. फॉर्मवरचे ते सगळे रकाने कोरे, आणि रजिस्टर कुलपात. सव्वीस वर्षांत त्याने कुणाचं रक्त हरवलं नव्हतं.

तेवढ्यात जमनी आत आली, हातात काटा घेऊन. "मले काही झालं नाही, तरी ह्यानं उचलून आनलं. तिकडं अर्धी लेकरं मोजायची राह्यली."

धर्मपालने खाली मान घालून सगळं सांगितलं. शिबिरात लोक ज्या रांगेने बसले, त्याच क्रमाने नळ्या यंत्रात लावल्या होत्या, एवढं एकच काम आपण धड केलं, हेही सांगितलं. जमनीने काटा टेबलावर ठेवला.

"मंग काहून घाबरता, भाऊ? रांग तं मीच बसवली होती. कितवा पायजे?"

"तेविसावा."

तिने डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर रांग पुन्हा उभी केली. पहिले नाईक, नाहीतर ते रुसतात. लखीराम नाईकांनी दारातून मान डोलावली. आठवा मारोती बसायचा होता, पण सुई पाहून पळाला, म्हणून त्याची आई बसली, आणि मारोतीला एकोणिसावा धरून आणला. पुढे चार पेरं झाली आणि तिने डोळे उघडले.

"तेविसावी धावजीची सून. सातवा महिना हाय. पायावर सूज हाय, दवाखान्यात चाल, असं मी तिले तीनदा सांगतलं."

राजकुमारने परत गाडी काढली. सुनेचं रक्त पुन्हा तपासलं, हिमोग्लोबिन चार पूर्णांक एक निघालं. रक्त चढवायला तिला लगेच पुढे पाठवलं. नंतर ती सुखरूप असल्याचा निरोप आला, तो अर्थात जमनीच्याच फोनवर.

उरलेले चाळीस रिपोर्ट जमनीने त्याच दिवशी खुर्चीत बसून ज्याचे त्याला लावून दिले. डॉक्टरांनी जुन्या कार्डांवरचे रक्तगट ताडून पाहिले. एकही चुकला नाही. धर्मपाल लिहीत होता आणि मधूनच तिच्याकडे बघत होता. त्याला तिचं मनापासून कौतुक वाटत होतं. वायरीला जे जमलं नाही ते ही बाई बोटांवर करत होती.

"आता तुमचा राह्यला, ताई. कितवा?"

"माहा कुठला? मी रांग पाहू का सुई घेऊ?"

धर्मपालचा हात थांबला. तिच्या नावावर एकेचाळीस रिपोर्ट, आणि त्यात तिचा एकही नाही. त्याने तिला तिथेच बसवलं आणि रक्त घेतलं. मोबाईलचा रकाना आला. तिच्या नंबरात आधीच अख्खा तांडा राहत होता, म्हणून त्याने उदार मनाने स्वतःचा नंबर टाकला.

'रुग्ण सापडला'. या वेळी त्याने खालची ओळ वाचली. धर्मपाल मुनेश्वर, वय बावन्न, पुरुष.

त्याने मुकाट्याने ड्रॉवरमधून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि यंत्राने दाखवलेला आकडा रजिस्टरात लिहिला: जमनी आडे, हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार.

"ताई, लोहाच्या गोळ्या घ्या."

"अख्ख्या तांड्याले मीच तं वाटतो, भाऊ."

"वाटता. मी 'घ्या' म्हणून राह्यलो."

आणि गोळ्या वाटताना ती जशी दर घरी उभी राहते, तसाच तोही पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभा राहिला, ती गोळी गिळेपर्यंत.