एकमताने चविष्ट ठरलेली किमची

एखादे राष्ट्र मोठे झाले हे ओळखण्याची एकच खात्रीची खूण आहे: त्याचे तोंडीलावणे पृथ्वीबाहेर जाते. रिकामे पोट तर कुणीही अंतराळात नेतो. कोरियाने हे वेळीच ओळखले आणि देजॉन शहरात अंतराळ-आहार अनुकूलन संस्था स्थापन केली. किमची, म्हणजे मीठमिरचीत मुरवून आंबवलेला कोबी, कोरियन अंतराळवीराच्या तोंडापर्यंत पोहोचवणे हे तिचे एकमेव कार्य. (तोंडाच्या पुढचा प्रवास संस्थेच्या अखत्यारीत येत नाही.)

काम अवघड होते, कारण किमची जिवंत असते. ती फुगते, फसफसते, घरभर वास सोडते. मोहिमेच्या परदेशी भागीदारांनी चौदा अटी घातल्या होत्या: जंतू नकोत, वायू नको, रस उडायला नको आणि वास तर मुळीच नको. मुख्य संशोधक डॉ. प्यो इन्सुक तीन वर्षे या अटींशी झुंजत होत्या. किरणांचा मारा करून जंतू मारावेत, तर कोबी धुतलेल्या पायमोज्यासारखा लुळा पडे. कुरकुरीत ठेवावा, तर पिशवी फुगे. वरिष्ठांचे लक्ष मात्र अधिक मूलभूत प्रश्नाकडे होते. यानात वर-खाली असे काही नसते, तेव्हा वडीलधाऱ्यांची मानाची जागा कोणती? यासाठी उपसमिती नेमलेली होती. (तिची बैठक अद्याप झालेली नाही. बैठकीत कोण कुठे बसणार, हे ठरायचे आहे.)

पाककृती इन्सुकबाईंच्या आईची होती. दक्षिणेला हेनामकडच्या एका खेड्यात ही म्हातारी दर थंडीला अख्ख्या आळीच्या बायका जमवून कोबीचा डोंगर मुरवत असे.

"माझ्या हातचं वर जाणार, तर नीट जाऊ दे गं बाई," तिने फोनवर बजावले होते. "बिघडलं तर तिथे कुणाला हाक मारणार?"

"तुझ्याच चवीचं जाईल, आई. शब्द देते," इन्सुकबाई म्हणाल्या होत्या. संस्थेत त्यांना एरवी कशाचेच फारसे काही वाटत नसे. या शब्दाचे वाटत असे.

मग अंतिम चवपरीक्षा आली. जेवायला बसले की सर्वांत थोर माणसाने चमचा उचलल्याशिवाय इतरांनी उचलायचा नाही, ही तिथली जुनी रीत. संस्थेने तिला शास्त्रीय शिस्त दिली होती: थोरांनी मत दिल्याशिवाय इतरांनी मतही उचलायचे नाही. त्याप्रमाणे सर्वजण संचालक बांग यांच्या हाताकडे पाहत बसले. हात पुढे गेला, जरा रेंगाळला आणि किमचीचे ताट सोडून शेजारच्या ताटातल्या पिशवीवर पडला.

त्या ताटात किमची नव्हती. पिशव्यांची शिवण दाबाखाली टिकते का, हे तपासण्यासाठी त्यात कागदाचा ओला लगदा भरला होता आणि गळती दिसावी म्हणून तो लाल रंगवला होता. (रंग खाण्याचा होता. संस्था सुरक्षिततेबाबत तडजोड करत नाही.)

संचालकांनी डोळे मिटून बराच वेळ चावले. "वा!" ते म्हणाले. "अगदी माझ्या आईच्या हातची!"

"अगदी अगदी, साहेब," उपसंचालक म्योंग तोंडात घास जाण्याआधीच म्हणाले. "माझे तर डोळेच भरून आले." (त्यांच्या घरी किमची दुकानातून येत असे.)

तेच ताट फिरले. सगळे चावू लागले, माना डोलू लागल्या. इन्सुकबाईंनी एक घास घेतला मात्र, आणि ताट चुकल्याचे त्यांना कळले. साहेब, तो लगदा आहे. एवढे चारच शब्द बोलायचे होते. आईला दिलेला शब्द त्या चार शब्दांवर टांगलेला होता. त्यांनी तोंड उघडले.

"हं, डॉक्टर प्यो," संचालक म्हणाले. "बोला. मोकळेपणाने बोला."

बाईंनी घास गिळला. "आंबटपणा किंचित पुढे येतोय, साहेब."

"बघा! याला म्हणतात जीभ!"

गुणपत्रके जमा झाली. संचालकांनी दहापैकी ९.४ दिले, उपसंचालकांनी ९.३, आणि असे अदबीने उतरत कंत्राटी संशोधकाने ८.८. (वरिष्ठांइतके गुण देणे हा उद्धटपणा ठरला असता.) जगात इतक्या सुसंगत निःपक्षपातीपणाने कुठल्याही पदार्थाची चव घेतली गेलेली नाही.

पसंत पडलेली पिशवीच पुढच्या चाचण्यांना गेली आणि बाकीचे सगळे आपसूक झाले. लगद्यात जंतू नव्हते, तो फुगत नव्हता, उडत नव्हता, नासत नव्हता आणि परदेशी नाकांना त्याची वार्ताही लागत नव्हती. किमचीला तीन वर्षांत न जमलेल्या चौदाही अटी त्याने एका दुपारी पुऱ्या केल्या. तेव्हा दोष किमचीतच होता, असा निष्कर्ष निघाला, आणि त्यात चूक काढणे अवघड आहे.

आता आशा उरली ती म्हातारीची. उड्डाणाआधी तिच्या गावी सत्कार ठरला. रस्त्यावर आडवा फलक लागला: प्यो घराण्याच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन! अंगणात संचालक, गावचा मुखिया, कॅमेरेवाले आणि आळीच्या साऱ्या बायका बसल्या होत्या. सर्वांत थोर म्हातारीच, म्हणजे पहिला घास तिचा आणि पहिले मतही तिचेच. आई थुंकेल, शिव्या घालेल, आणि एकदाचे सुटू, असे इन्सुकबाईंना वाटत होते. जे आपल्याच्याने झाले नाही, ते शहाऐंशी वर्षांच्या बाईने करावे, ही त्यांची अपेक्षा होती.

म्हातारीने चावले. थांबली. लेकीकडे पाहिले. पुन्हा चावले.

"माझीच आहे," ती म्हणाली. "माझा हात मला कळणार नाही होय?"

टाळ्या पडल्या. पाहुणे पांगल्यावर बाईंनी आईला मडक्यांच्या आडोशाला गाठले. "आई, तो कागद होता गं."

"मग मला काय कळलं नाही? दात पडलेत माझे, जीभ नाही पडली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आधीच हो म्हणून बसली होतीस ना? चारचौघांत तुला खोटी पाडू?" म्हातारीने हातातल्या रुमालाने तोंड पुसले आणि हळूच म्हणाली, "पिशवीवरचं माझं नाव तेवढं काढून टाकायला सांग त्यांना."

इन्सुकबाईंना रडू आले. (त्याच महिन्यात बढतीही आली. दोन्ही एकाच वेळी येऊ शकतात.) नाव मात्र निघाले नाही. पिशव्या छापून झाल्या होत्या.

अंतराळवीराने थेट प्रक्षेपणात लगदा खाल्ला आणि "घरची आठवण झाली," असे तो म्हणाला. खाली संचालक बघत होते, त्यांच्यामागे सारा देश बघत होता. बिचारा आणखी काय म्हणणार? आता तीच पिशवी दुकानांत मिळते. महाग आहे, म्हणून खास पाहुण्यांपुढेच ठेवतात, आणि पाहुणे दरवेळी मागून घेतात.

मराठी वाचकांनी या लोकांना हसण्याची घाई करू नये. मागच्या लग्नात यजमान हात जोडून पंगतीत फिरले आणि "जेवण कसं झालंय?" म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा आपण काय म्हणालात ते आम्ही शेजारच्याच पानावर बसून ऐकले आहे. बासुंदी करपलेली होती. आपण आणखी एक वाटी घेतलीत.