ड्रेसरभाऊ गाइड झाले त्याची गोष्ट

ब्रह्मपुरी तालुक्यात माझी सायकल गेली नाही अशी वाट नाही. ही बढाई आहे असं माझी बायको सुगंधाबाई म्हणते, आणि ती खरंच बढाई आहे. पण ती मी कमावलेली आहे.

एकतीस वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. सरकारी कागदावर आमच्या पदाला 'व्रणोपचारक' म्हणतात. तो शब्द उच्चारून होईपर्यंत बैल निघून जातो, म्हणून माझं नाव बापूराव असलं तरी गावोगाव मी आपला ड्रेसरभाऊ. कॅरियरला औषधांची पेटी, हँडलला खच्चीकरणाचा भला मोठा चिमटा. माझी घंटी ऐकली की गावातले गोऱ्हे दावं तोडून रानाकडे सुटायचे. म्हाताऱ्या बैलांना मात्र घंटीचं काहीच वाटत नसे. त्यांचं जे जायचं ते गेलेलं असायचं.

यंदा मार्चमध्ये माझ्या धाकट्या भावाची मुलगी दिव्यानी आमच्या ओसरीत डोक्याला हात लावून बसली. तिनं नागपूरची नोकरी सोडून सायकल सहलींचा उद्योग काढला आहे. शहरातल्या लोकांना मोहफुलाच्या दिवसांत आमच्या रानातून सायकलवर फिरवायचं, गावातल्या बायांच्या हातचे मोहाचे पदार्थ खाऊ घालायचे. पहिली तुकडी उद्यावर आली आणि तिच्या गाइडला कावीळ झाली.

"मोठेबाबा, आता काय करू? लोकं पुण्याहून निघाले बी."

"गाइड कायले पाह्यजे? मी आहो ना."

"तुमी सदुसष्ट वर्षांचे आहा."

"वाटा तं माह्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत. त्यायले कोणी निवृत्त केलं?"

सुगंधाबाई आतून म्हणाली, "जाऊ दे त्याले. घरी बसून माहं डोस्कं खाऊन राह्यला." अशी माझी नेमणूक झाली.

पाहुणे तीन होते. पुण्याच्या डॉक्टर मृणालताई, साठीच्या, सडपातळ, सायकलवर माझ्यापेक्षा ताठ बसणाऱ्या. आणि केदार-शर्वरी हे तरुण जोडपं. तिघांच्या अंगात सारखे पिवळे, घट्ट सदरे आणि डोक्यावर टोप. दिव्यानी जीपनं जेवणाच्या गावाला पुढं निघाली. जाताना तिनं माझ्या हँडलला फोन बांधला.

"यातली बाई सांगन तसं जाजा, मोठेबाबा. डांबरी सोडू नका."

त्या बाईचं आणि माझं पहिल्या दोन किलोमीटरांतच बिनसलं. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा," ती म्हणाली. आता डावीकडून जेवणाचं गाव अठ्ठावीस किलोमीटर, आणि उजवीकडे खैरटोल्याच्या मोहरानातून फक्त अकरा. हे त्या बाईला ठाऊक नव्हतं, कारण ती सन ऐंशी-पंच्याऐंशीत इकडे आली नव्हती. मी उजवीकडे वळलो. ती ओरडत राहिली. शेवटी मी फोनच बंद केला.

आणि खरं सांगतो, पहिला तासभर मी राजा होतो. सकाळचे सात वाजले होते. मोह टपटप गळत होता. झाडाखालचा पाचोळा जाळून साफ केलेल्या जागेत फिकट पिवळ्या फुलांचा सडा, आणि टोपल्या घेऊन वाकलेल्या बाया. तो वास नाकात गेला आणि मी एकदम तीस वर्षांचा झालो. तेव्हा मी अशाच झाडाला सायकल टेकवून पाणी प्यायचो. बाया हसून माझ्या सदऱ्याच्या खिशात मूठभर फुलं टाकायच्या. तो वास दोन धुण्यांत जात नसे, आणि सुगंधाबाई दर वेळी माझं तोंड हुंगून पाहायची. कधी काही सापडलं नाही. तरी तिनं हुंगणं सोडलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही ते आवडायचं.

हे सगळं मी पाहुण्यांना सांगितलं. मृणालताई हसल्या. केदार म्हणाला, "काका, आम्ही नाशिकला द्राक्षमळ्यांतून अशीच सहल केली होती. तिथं प्रत्येक थांब्यावर टेस्टिंग असायचं. इथं टेस्टिंग कुठं आहे?"

"कशाची टेस्टिंग? रक्ताची का शेणाची?"

तो बराच पुढं निघून गेला. नंतर मृणालताईंनी मला समजावलं की त्याला वाइन म्हणायची होती. मग मी त्याला गाठून सांगितलं की नदीपल्याड गडचिरोलीत दारूबंदीच आहे, आणि आपण इकडं फुलं खाणार आहोत, पिणार नाही. त्याचा पॅडल मारण्याचा वेग जरा कमी झाला.

पुढं मातीत पंजा उमटलेला दिसला.

"काका, हे कशाचं?" शर्वरीनं विचारलं.

"कुत्र्याचं."

"एवढं मोठं कुत्रं?"

"इकडचे मोठेच असतात. चला, बोलत बोलत जाऊ, जोरानं बोला जरा." मीही मोठ्यानं खोकत निघालो. त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये मी तिघांच्या मागं राहिलो, एवढं तरी माझ्या बाजूनं सांगायला हवं.

आणि मग माझी वाट संपली. समोर कालवा होता. चांगला रुंद, सिमेंटचा, पाण्यानं भरलेला. पलीकडच्या काठावर माझी जुनी वाट तशीच पुढं जात होती, जसं काही मध्ये काही झालंच नाही.

"हा कधी आला?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा," मृणालताई म्हणाल्या.

काठाकाठानं सायकली ढकलत आम्ही पाच किलोमीटर चाललो, तेव्हा एक पूल लागला. ऊन चढलं. पाणी संपलं. फोन चालू केला तर रेंज नाही. मनात दिव्यानी येत होती. पोरीनं घरच्या सगळ्यांशी भांडून हे सुरू केलं होतं, आणि पहिल्याच दिवशी मी तिचे पाहुणे रानात हरवले होते. मी राजाचा पुन्हा सदुसष्ट वर्षांचा झालो.

साडेदहाला खैरटोला दिसला. गावाच्या तोंडाशी कडुनिंबाखाली एक म्हातारा बसला होता. त्यानं डोळे बारीक केले.

"ड्रेसरभाऊ होय का जी?"

तो पोचू होता. त्याच्या पाच बैलांना मी नाकात वेसण घातलेली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला कुणी त्या नावानं हाक मारली, आणि माझा थकवा कुठल्या कुठं गेला. तिथंच मी चूक केली. मी जुन्या सवयीनं घंटी वाजवली.

पोचूनं माझ्याकडं पाहिलं. मग पिवळ्या सदऱ्यातल्या तिघांकडं.

"हे कोण? सायब लोक का?"

"पाहुणे आहेत. ह्या ताई डॉक्टर आहेत," मी अभिमानानं सांगितलं.

पोचू उठला आणि गावात गेला. आम्ही हापशीवर पाणी पीत होतो, तोवर त्यानं काय केलं ते दहा मिनिटांत कळलं. एक गाय आली. तिच्यामागं दोन बैल, चार शेळ्या, मग अख्खी रांग. पंधरा दिवसांचं वासरू खेचावं तशी एक म्हैस खेचत कोणी आणली.

"लम्पी रोगाचं इंजेक्शन का जी?" एका बाईनं विचारलं.

"माह्या बकरीचा कान पाहून द्या पयले," दुसरी म्हणाली.

शर्वरीनं हळूच विचारलं, "काका, हे कार्यक्रमात आहे का?"

मी "नाई, नाई, आमी फिराले आलो," म्हणत होतो, पण कोण ऐकतो? सरकारी माणूस सुट्टीवर असला की नाहीच म्हणतो, असा त्यांचा अनुभव. एवढ्यात गर्दीतून एक म्हातारी धावत आली. सोमारी. मी नोकरीला लागलो तेव्हा ती या गोंडांच्या गावात नवी सून होती.

"जय सेवा, भाऊ. लवकर चला. माही गाय अडली. पाहाटपासून कळा देऊन राह्यली."

"जय भीम, बाई. दवाखान्यात फोन केला का?"

"डॉक्टर दुसऱ्या टोकाले गेला. दोन वाजतील म्हणे."

गोठ्यात गाय आडवी पडली होती, डोळे पांढरे करून. मागून वासराचा एकच पाय बाहेर. दुसरा आत मुडपलेला. हे मी शंभर वेळा सोडवलं आहे. बाही वर केली, आणि लक्षात आलं की माझा उजवा हात दोन वर्षांपासून डोक्याच्या वर जात नाही. बोटांत जोर नाही. मी तिथं तसाच उभा राहिलो. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. तेवढं म्हातारं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"ताई," मी मृणालताईंना म्हणालो, "माझ्यानं होणार नाही. तुम्ही कशाच्या डॉक्टर?"

"पस्तीस वर्षं बाळंतपणं केलीत. पण बायकांची, बापूराव."

"मग हात तुमचा, सांगणं माझं."

त्यांनी टोप काढला, हातातलं घड्याळ शर्वरीकडं दिलं, आणि गुडघ्यावर बसल्या. सोमारीनं गरम पाणी आणि साबण आणला. वर मोहाच्या बियांचं तेल. मृणालताईंनी खांद्यापर्यंत हात माखला.

"वासराला आधी मागं लोटा, ताई. ओढायचं नाही. गुडघा सापडला?"

"सापडला."

"आता खूर तळहातात झाका, गर्भपिशवी फाटायला नको. आणि हळूच पुढं घ्या. कळ आली की थांबा."

त्या डोळे मिटून काम करत होत्या. कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "आला." दोन्ही खूर बाहेर होते.

धुतलेली दोरी पायांना बांधली. केदार आणि पोचूनं धरली. "कळ आली की खाली ओढा, गाईच्या घोट्याकडं," मी सांगितलं. तिसऱ्या कळेला वासरू सुळकन बाहेर आलं आणि केदार शेणात पाठीवर पडला, वासरू छातीवर. ते हलत नव्हतं. मी त्याचं नाक साफ केलं, गवताची काडी नाकपुडीत घातली. ते शिंकलं, थेट केदारच्या तोंडावर.

सोमारी रडायला लागली. मृणालताईसुद्धा. मी मात्र गाईची वार पडते का ते बघत होतो, कारण ड्रेसरनं रडायचं नसतं. शर्वरीनं नंतर सांगितलं की माझाही चष्मा ओला होता.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. दिव्यानी रान पालथं घालून आली होती. गोठ्याच्या दारात तिनं पाहिलं: तिची पहिली पाहुणी खांद्यापर्यंत रक्तानं माखलेली, दुसरा शेणात झोपलेला, आणि गाइड गाईच्या शेपटीशी.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "फोन काऊन बंद केला?"

मृणालताई पुढं झाल्या. "मुली, त्यांना काही बोलू नकोस. मी निवृत्त झाले त्या दिवसापासून हा हात रिकामा होता." मग सोमारीनं पळसाच्या पानांवर मोहाचे लाडू वाढले, आणि केदारनं पाच खाल्ले, टेस्टिंगचं नाव न काढता.

संध्याकाळी दिव्यानीनं मला बाजूला घेतलं. रागावली नाही, ते जास्त वाईट.

"पुढच्या सहलीले तुमी यायचंच," ती म्हणाली. "लोकायले गोष्टी सांगाले. पण सायकलवर पुढं नाई. जीपमध्ये, मागून."

मी मान डोलावली. पंधरा दिवसांनी दुसरी तुकडी निघाली. मी जीपमध्ये ऐटीत बसलो, काचा बंद, आत थंड हवा. पहिल्या वळणावर मी काच खाली केली. दुसऱ्यावर चालकाला हात केला. एकतीस वर्षं या रानात सायकल मारली, पण जीपमध्ये कधी बसलोच नव्हतो. मला गाडी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

मोहाच्या झाडाला धरून मी ओकत होतो, आणि पाहुणे एकेक करून घंटी वाजवत, हात हलवत माझ्यापुढून निघून गेले.