ढाणेमहाराजांची तांब्याची स्प्रिंग

एका जंगलात, मुलांनो, एक दवाखाना होता. जंगलात दवाखाना कसा, असं विचारू नका. तिथे दरबार होता, प्रधान होते, तीन प्रतींत करायचे अर्ज होते; मग दवाखान्यानंच काय घोडं मारलं होतं?

दवाखाना होता शलाका साळिंदरीचा. तिला सुई शोधायला कधी कपाट उघडावं लागत नसे. पाठीवरचा एक बारीक काटा उपटायचा आणि कामाला लागायचं. तुंबलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करण्यात तिचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं. तसाही तिचा हात धरायला कुणी धजावत नसे.

कामाला तोटा नव्हता. अस्वलं झाडावर चढायचं सोडून मधाची पोळी घरपोच मागवू लागली होती. मग छातीतल्या वाहिन्या तुंबत. शलाका मांडीच्या वाहिनीतून लोखंडाची इवलीशी जाळीदार नळी आत सरकवी आणि तुंबलेल्या जागी बसवी. सगळे तिला स्प्रिंग म्हणत. स्प्रिंग आतून टेकू देई आणि रक्त पुन्हा वाहू लागे.

पण रक्तवाहिनीला हा परका पाहुणा आवडत नसे. ती रुसे. जखम नीट भरायच्या ऐवजी आत गाठीगाठी धरी आणि सहा महिन्यांत पुन्हा बुजून जाई. झिपरूकाका अस्वलाचं असं दोनदा झालं.

"बाई, तिसऱ्यांदा येतोय," झिपरूकाका धापा टाकत म्हणाले. "आता छातीला चेनच लावून टाका. उघडायला बरी."

शलाकाला हसू आलं नाही. काकांचा काळाकुळकुळीत चेहरा पार राखाडी पडला होता.

तिनं पुष्कळ डोकं खाजवलं. त्यात दोन काटे मोडले. मग तिनं स्प्रिंगच्या लोखंडात थोडं तांबं मिसळलं. किती? भाजीत मीठ घालतो तेवढं. पहिली स्प्रिंग तिनं स्वतःच्या शेपटीत बसवून पाहिली आणि तीन महिने उभ्यानंच जेवली. शेपटी ठणठणीत राहिली, तेव्हा दुसरी स्प्रिंग काकांना बसवली.

त्या चिमूटभर तांब्यानं नवल केलं. दुधावर साय धरावी तसं वाहिनीचं मऊ, गुळगुळीत अस्तर स्प्रिंगवर चढलं. दोन महिन्यांत झिपरूकाका मोहाच्या झाडावर चढले आणि तिथून ओरडले, "तांबं! सगळी तांब्याची किमया!"

झालं. चिमूट कुणाला ऐकूच आली नाही.

हरणं तांब्याच्या घंगाळात चिंच भिजवून तिचं पाणी पिऊ लागली. वानरं तांब्याची तार शेवयांसारखी ओरपू लागली. एका सशानं तांब्याच्या हंड्यात ताक लावलं. ताक कळकलं, आणि सगळं बीळ ओकाऱ्या काढत बाहेर आलं.

"अहो, तांबं चिमूटभर तारतं, मूठभर मारतं!" शलाका गल्लोगल्ली सांगत सुटली.

"डॉक्टर लोक असंच म्हणायचे," ससा ओकता ओकता म्हणाला.

अशात ढाणेमहाराज वाघांच्या छातीत कळ आली. शलाकाला दरबारात बोलावणं गेलं. महाराज गादीवर पडले होते. शेजारी प्रधान तरस उभे होते. त्यांना वेळीअवेळी हसू येई. जातच तशी, त्याला इलाज नव्हता.

"आम्हाला स्प्रिंग हवी," महाराज म्हणाले. "शुद्ध तांब्याची."

"महाराज, शुद्ध तांबं आत गेलं तर वाहिनीची जखम भरणार नाही, उलट चरत जाईल. चिमूटभर पुरे."

"अस्वलाला चिमूटभर आणि आम्हालाही चिमूटभर? मग आम्ही राजे कशाचे?"

"हीहीही," प्रधानजी म्हणाले. "बाई, शुद्ध तांबं नाहीतर तुमचे सगळे काटे. दरबाराला दातकोरणी लागतातच."

शलाका घरी आली. खरं वागलं तर काटे जाणार, सांगितलं तसं वागलं तर महाराज जाणार. मग तिनं डॉक्टर जे करतात ते केलं. "बरं बरं" म्हणाली आणि आपल्याला योग्य वाटलं ते केलं. स्प्रिंग चिमूटभर तांब्याचीच बसवली. महाराजांच्या छातीवर मात्र परातीएवढा शुद्ध तांब्याचा पत्रा बांधला आणि तो चिंचेनं घासून लखलखीत केला.

महाराज महिन्याभरात सांबरामागे धावले. सांबराला त्याचं कौतुक वाटलं नाही, पण बाकी जंगल डोलू लागलं. खूश होऊन महाराजांनी हुकूम काढला: यापुढे प्रत्येक रुग्णाला शुद्ध तांब्याचीच स्प्रिंग!

रांगेत पहिली रोहिणी नीलगाय होती, दोन पाडसांची आई. तिच्या छातीत शुद्ध तांबं घालायचं? शलाका तशीच दरबारात गेली आणि सगळं कबूल करून टाकलं.

महाराजांच्या मिशा ताठ झाल्या. "म्हणजे अस्वलाच्या छातीत जी आहे, तीच आमच्या?"

"हो महाराज."

"काढ आत्ताच्या आत्ता!"

"निघायची नाही. तिच्यावर साय धरलीय. ती आता तुमचीच झालीय."

प्रधानजी हसून हसून गडाबडा लोळले. या वेळी त्यांना खरंच हसू आलं होतं.

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?" महाराजांनी हळूच विचारलं.

"आपल्या तिघांनाच."

महाराजांनी जबडा उघडला, शलाकाच्या काट्यांकडे पाहिलं आणि मिटला. प्रधानजी त्यांच्या कानाला लागले. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली: "ऐका हो ऐका! शुद्ध तांबं हे राजचिन्ह आहे! ते फक्त महाराजांसाठी राखीव! प्रजेच्या स्प्रिंगमध्ये चिमटीपेक्षा जास्त तांबं आढळलं, किंवा कुणी तांबं खाल्लं, तर सक्त शिक्षा!"

त्या दिवसापासून ओकाऱ्या थांबल्या. वानरांच्या पोटातली तार यथावकाश बाहेर पडली. रोहिणीला चिमटीची स्प्रिंग बसली आणि ती पाडसांना घेऊन तळ्यावर जाऊ लागली. साऱ्या जंगलाच्या वाहिन्यांवर साय धरली.

आणि सारं जंगल दवाखान्यावर मोर्चा घेऊन आलं.

सगळ्यात पुढे झिपरूकाका. "राजाला परात, आम्हाला चिमूट! चिंगूस डॉक्टरीणबाई, हाय हाय!"

शलाका दारात उभी राहून काकांकडे बघत होती. काका तळ्यापासून टेकडीपर्यंत चढ चढून आले होते आणि तासभर एकसारखे ओरडत होते. एकदाही धाप लागली नव्हती.

"काका," ती म्हणाली, "जरा मनगट द्या बघू."

"देणार नाही! आधी न्याय द्या!" काका गरजले, आणि मनगट पुढे केलं.

नाडी उत्तम चालली होती.

तात्पर्य : लोकांना योग्य तेवढंच औषध द्यायचं असेल, तर त्याचे गुण सांगत बसू नये. जास्तीचं फक्त राजासाठी राखीव आहे असं जाहीर करावं. राजा लगेच कायदा करतो, आणि प्रजेला ओरडायला दम येतो.