बदलीचे डोळे

जेवताना नसलेल्या माश्या हाकणाऱ्या नवऱ्याची तक्रार कुठे करायची, याचं खातं सरकारने अजून काढलं नव्हतं. म्हणून डिलाईल रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, बकुळाबाई ती तक्रार थेट नवऱ्याकडेच करीत.

"अहो, कसली माशी? मी वाढलेल्या ताटावर बसायची छाती आहे का तिची?"

"दिसली गो. काळी," दत्ताराम म्हणे आणि पुन्हा हवेत हात मारी. मग तांब्याभर पाणी पिई, आणि लगेच दुसरा तांब्या मागे.

घरात हे खपलं असतं. पण गिरणीत तो नसलेला तुटका धागा बघून कापड विणणारा चालता साचा थांबवू लागला, आणि खराच धागा तुटला तेव्हा साचा तसाच चालू राहिला. कापड फुकट गेलं. साचेखात्याच्या मुकादमाने, म्हणजे जॉबरने, पहिल्यांदा शिवी दिली. दुसऱ्यांदा शिवी दिली नाही. बकुळाबाईंना भीती वाटली ती या दुसऱ्या वेळेची.

अशात गिरणीच्या फाटकावर पाटी लागली. कामगारांच्या कल्याणासाठी नेत्रपटल तपासणी मोहीम! डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करायच्या, मग साहेब आत उजेड मारून मागचा पडदा बघणार. पडद्यावर डाग सापडल्यास 'योग्य ती कार्यवाही'. उपचाराचा विभागही मंजूर होता. तो मात्र तपासणीनंतर, 'गरज सिद्ध झाल्यास' उघडायचा होता. गिरणगावात 'योग्य ती कार्यवाही'चा अर्थ शेंबडं पोरही जाणतं. फाटक तेच असतं, पण कार्यवाही झालेला माणूस त्यातून फक्त बाहेर पडतो.

बकुळाबाईंनी दुसरीत शाळा सोडली होती, कारण मास्तरांकडे त्यांना शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गिरणीचा कायदा मात्र त्यांना तोंडपाठ होता. कायम कामगार आला नाही की दाराशी ताटकळणारा बदली कामगार त्याच्या साच्यावर उभा राहतो. साचा चालल्याशी मतलब. मग डोळ्यांनाच काय सोनं लागलंय?

त्यांच्याकडे जेवायला असलेला कुशाबा साताऱ्याकडचा, बदली कामगार. त्याला म्हणे गच्चीवरून चिंचपोकळी स्टेशनचं घड्याळ वाचता येई.

"कुशाबा, उद्या यांचा बिल्ला लाव आणि डोळे दाखवून ये."

"मावशे, माझं डोळं?"

"मग काय माझे? बदली आहेस ना तू?"

"पर सायबानं वळखलं तर?"

"साहेब डोळ्याच्या आत बघतो. तोंड बघायला त्याला सवड आहे?"

"मीच जातो की," दत्ताराम हळूच म्हणाला. "काय ते कळेल तरी."

"तुम्ही गप बसा. चुलीवरचं पाणी उतरवा."

दत्ताराम गप बसला. पाणी कुशाबाने उतरवलं, कारण दत्ताराम भलत्याच भांड्याला हात घालीत होता.

दुसऱ्या दिवशी दत्तारामाचे डोळे 'उत्तम' ठरले. संध्याकाळपर्यंत ही बातमी गॅलरी-गॅलरीने चाळभर फिरली, आणि रात्री जेवणं व्हायच्या आत शेजारचा सीताराम बिल्ला घेऊन दारात उभा. त्याच्या मागे भिवा. भिवाच्या मागे जिनाभर रांग. आठवड्याभरात कुशाबा सगळ्या साचेखात्याचे डोळे झाला. सकाळी सीताराम, दुपारी भिवा, पाळी सुटताना आणखी कोणी. थेंबांवर थेंब पडून त्याच्या बाहुल्या कवड्यांएवढ्या झाल्या. ऊन सोसेना, म्हणून तो बकुळाबाईंची काळी छत्री उघडून फिरे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तो एका हवालदाराला समितीचा पुढारी समजला, त्याचा हात उंच धरला आणि ओरडला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." हवालदारही मराठीच! सवयीने "झालाच पाहिजे!" म्हणून गेला, आणि मग आता आपण कोणाला पकडायचं, याचा विचार करीत चौकात उभा राहिला.

तपासणीचे अधिकारी हेरंबसाहेब मात्र थक्क झाले होते. ज्याच्या डोळ्यात बघावं त्याच्या उजव्या पडद्यावर तीच कोयत्यासारखी वाकडी शीर! एखाद्या संशयी माणसाने मान वर करून तोंडाकडे पाहिलं असतं. हेरंबसाहेब शास्त्रज्ञ होते. त्यांनी निष्कर्ष काढला. कापसाची हवा, सुकट-भात आणि एका खोलीत दहा माणसं यांमुळे गिरणगावात एकसारखं व निरोगी नेत्रपटल निपजतं, असं त्यांनी वर कळवलं. वरच्यांना आनंद झाला. आजार नाही, म्हणजे उपचाराची गरज सिद्ध झाली नाही. उपचाराच्या पेट्या आल्या तशा, खिळेही न उपटता, परत गेल्या. हेरंबसाहेबांना दिल्लीचं बोलावणं आलं.

जाण्याआधी गिरणीच्या पटांगणात सत्कार ठेवला. सर्वांत आधी तपासलेले, म्हणून सर्वोत्तम डोळे दत्तारामाचे. शाल घेऊन त्याने मांडवाच्या खांबाला वाकून नमस्कार केला. साहेब म्हणाले, "काय हा विनय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या बकुळाबाईंच्या.

घरी आल्यावर दत्ताराम म्हणाला, "डाव्या डोळ्यासमोर सगळा काळोख झालाय गो. उजव्यातही धूर धूर."

बकुळाबाईंनी पदर खोचला आणि त्याला हाताला धरून साहेबांच्या कचेरीत नेऊन उभं केलं.

"साहेब, यांना औषध द्या. दिसत नाही."

"बाई, हे सत्कारप्राप्त डोळे आहेत! यांच्यावर उपचार करायचे म्हणजे सत्काराचा अपमान."

"ते डोळे कुशाबाचे होते."

"आणि सीतारामचे?"

"तेही कुशाबाचे."

"भिवाचे?"

"साहेब, सगळं साचेखातं कुशाबाच्याच डोळ्यांचं!"

हेरंबसाहेबांनी दार लावलं. दत्तारामाच्या डोळ्यांत थेंब घातले, थांबले आणि उजेड मारून बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी उपकरण मखमलीच्या डबीत ठेवलं.

"उत्तम," ते म्हणाले.

"काय दिसलं ते सांगा!"

"बाई, मला काही दिसलं असेल, तर मला आधी काहीच दिसलं नव्हतं असं होईल. दिल्लीला काय सांगू?" मग आवाज खाली आणून ते पुटपुटले, "यांची लघवी बाहेर तपासून घ्या. साखर असणार. गोड आजच बंद करा आणि मोठ्या डॉक्टरला गाठा. आतमध्ये रक्त झिरपलंय. डावा गेला, उजवा कदाचित राखता येईल. हे मी सांगितलं, असं कुठे बोलू नका."

बाहेर उन्हात दत्ताराम डोळे मिटून उभा राहिला. "मी म्हणालो होतो मी जातो. तूच म्हणालीस, गप बसा."

बकुळाबाईंनी त्याचा हात आणखी घट्ट धरला. समोरून जाणारी ट्राम त्यांनी जाऊ दिली. मग रस्त्यावरच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या:

"म्हणाले! मी म्हणाले, जॉबर म्हणाला, साहेब म्हणाला, अख्खी चाळ म्हणाली. अहो, ज्यांचं काही जात नाही ते सगळे गप बसा म्हणणारच! पण दिसत नाही हे ठाऊक होतं एकट्या तुम्हाला. आणि त्या एवढ्या गर्दीत माझं ऐकणारे निघालात तेही तुम्ही एकटेच? गुन्हा तुमचा!"