एकसारख्या सहाजणी

"एकीला लपवा अन् दुसरी पुढे करा, ब्रह्मदेवालासुद्धा फरक सांगता यायचा नाही!"

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला घड्याळजी हे ऐकवत. समोरचा माणूस बिचारा पट्टा बदलायला आलेला असे, ब्रह्मदेवाशी त्याला काही देणंघेणं नसे. तरीही त्याला आधी परसात नेऊन खुराड्यापुढे उभं केलं जाई. पट्टा मागाहून!

कोंबड्या होत्याच तशा. अंग काळंभोर, पायांत पिसांचे मोजे, आणि डोक्यावर पांढराशुभ्र तुरा. तुरा इतका झुपकेदार की डोळे झाकले जात. सहा आत्याबाई न्हाऊन केस वाळवत बसल्यात असं वाटे! चार वर्षं घड्याळजी जोड्या निवडत होते, अंडी उबवत होते. ज्या पिल्लाच्या तुऱ्यात एक जरी काळं पीस निघालं, त्याची रवानगी थेट मेहुण्याकडे. मेहुण्याकडे आता एकवीस कोंबड्या होत्या आणि तो घड्याळजींचा फोन उचलत नसे. येत्या रविवारी पक्ष्यांचं प्रदर्शन होतं. "एकसारख्या सहा पक्ष्यांचा कळप" या गटात पहिला नंबर आपलाच, हा निकाल घड्याळजींनी घरात आधीच लावून टाकला होता.

गुरुवारी सकाळी मुख्याध्यापिका बाई दुकानाची पायरी चढल्या. वय ब्याऐंशी, पाठ फूटपट्टीसारखी सरळ. सातवीत त्यांनी घड्याळजींना गणित शिकवलं होतं. विद्यार्थ्यांची नावं त्या केव्हाच विसरल्या होत्या, हजेरीचे नंबर मात्र एकूण एक पाठ!

"सतरा नंबर!"

साठीचे घड्याळजी ताडकन उठून उभे राहिले. "हजर बाई! म्हणजे... या बाई!"

"हे माझ्या आईचं घड्याळ. बंद पडलंय. पाच वाजता न्यायला येते. होईल ना?"

"होईल बाई!"

सातवीत गणिताच्या पेपरालाही ते असंच म्हणाले होते.

दुपारपर्यंत त्यांनी घड्याळ उघडलं, साफ केलं, तेल घातलं. आता चावी बसवली की झालं. चावी म्हणजे ते पिळायचं इवलंसं बटण, सोन्याचं, मसुराच्या दाण्याएवढं. ते टेबलावरच्या पांढऱ्या फडक्यावर चमकत होतं. इतक्यात बायकोने चहाला हाक मारली. घड्याळजी उठले. परसाचं दार उघडं होतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

परत आले तो सहाही जणी दुकानात! पाचजणी जमिनीवर, आणि एक टेबलावर. घड्याळजींच्या डोळ्यांदेखत तिने मान खाली घातली, चोचीत काहीतरी लकाकलं, मान वर झाली आणि... गट्टम!

"अगं ए, भवाने!"

त्यांनी झेप घेतली. कोंबडीने खाली उडी मारली आणि ती थेट बाकीच्या पाचजणींत घुसली. सहाही जणी टेबलाच्या पायांभोवती दोन फेऱ्या धावल्या आणि थांबल्या. सहा पांढरे तुरे घड्याळजींकडे वळले.

बायको धावत आली. "अहो, काय झालं?"

"चावी गिळली!"

"मग एवढं काय बोंबलताय? दुसरी आहे ना फ्रिजवर!"

"दाराची नव्हे गं! घड्याळाची! बाईंच्या आईच्या घड्याळाची!"

"बापरे! कोणी गिळली?"

"हिने! नाही... हिने. थांब, मी बघितलंय ना! पांढऱ्या तुऱ्यावालीने!"

बायकोने एकामागून एक सहा तुऱ्यांकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे. कधीकधी नुसत्या बघण्याने जास्त लागतं, हे ती चौतीस वर्षांच्या संसारात शिकली होती.

दुकानातली चाळीस घड्याळं एकमताने सव्वादोन दाखवत होती. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. आता सहा कोंबड्या न्यायच्या कशा? शेवटी नातवाची बाबागाडी निघाली. सहाजणींना आत कोंबलं, वर मच्छरदाणी ओढली आणि दोघं निघाली. पहिल्याच वळणावर समोरच्या काकू भेटल्या.

"अय्या, नातू आला वाटतं! बघू!" काकूंनी जाळीतून डोकावलं. आत पांढरा झुपका. "बाई बाई! अगदी आजोबांचे केस!"

घड्याळजींनी चालण्याचा वेग वाढवला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसू मोठ्या मुश्किलीने आवरलं. म्हणाल्या, "एकेकीचा एक्स-रे काढू. सोनं लगेच दिसेल."

पहिली झाली. काही नाही. तिला खाली सोडलं. दुसरी झाली. काही नाही. तिसरीतही नाही! डॉक्टरीणबाईंनी तिन्ही फोटो उजेडात धरले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गंमतच आहे. तिन्हींच्या पोटात एकेक टिचबटण आहे. अगदी त्याच जागी."

"ते पण एकसारखं?" घड्याळजींची छाती क्षणभर फुगली. मग त्यांचा चेहरा पडला.

एकाच कोंबडीचे तीन फोटो निघाले होते!

बायकोने टेबलावरची चिकटपट्टी उचलली आणि एकेकीच्या पायाला गुंडाळून वर आकडे घालायला सुरुवात केली.

"अगं, पायाची पिसं उपटून येतील! रविवारी प्रदर्शन आहे!"

"मग तुमच्या मिशीला चिकटवू का?"

घड्याळजींनी मिशीवर हात ठेवला.

पाच नंबरच्या पोटात चावी सापडली. पांढरा ठिपका, स्वच्छ, गोल.

"आपोआप बाहेर पडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण कधी ते सांगता येत नाही. दाणे दळायला गिळलेल्या खड्यांत अडकली तर महिनाही लागेल. आजच हवी असेल तर पोट उघडावं लागेल. वाचेलच याची खात्री मी देणार नाही."

साडेचार वाजले होते. पाच नंबर घड्याळजींच्या हातात शांत बसली होती. तुऱ्यामुळे तिला काही दिसत नव्हतं, म्हणून तिने मान त्यांच्या बाहीत खुपसली होती. तीन दिवसांची असताना हिला त्यांनी ड्रॉपरने पाणी पाजलं होतं. की दुसऱ्या कोणाला? तेही आता सांगता येत नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "बाईंचा मार मी खाईन."

पाचला बाई आल्या. घड्याळजींनी खाली मान घालून पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाईंनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि बराच वेळ बघितला.

"रोज उठल्या उठल्या आई चावी द्यायची," त्या हळूच म्हणाल्या. "तिच्या बोटांनी झिजलीय ही." मग आवाज पुन्हा वर्गातला झाला. "कोंबडी माझ्याकडे दे. चावी पडेल तेव्हा पडेल. तुझ्यापाशी ठेवली तर दुसरी गिळेल!"

पाच नंबर बाईंच्या पिशवीतून गेली. उरल्या पाच, आणि त्यांच्या एकेका पायाचे मोजे चिकटपट्टीबरोबर निघून आलेले. रविवारी घड्याळजी प्रदर्शनाला गेले नाहीत. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बाराव्या दिवशी बाई कागदाची पुडी घेऊन आल्या. उकळून, घासून लख्ख केलेली चावी! घड्याळजींनी ती दहा मिनिटांत बसवली. घड्याळ टिकटिकू लागलं. बाईंनी ते कानाला लावलं, डोळे मिटले आणि मग ते मुठीत धरून निघून गेल्या. अशा वेळी कोंबडीचा विषय काढणं बरं दिसलं नसतं.

चार दिवसांनी मात्र घड्याळजी टोपली घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले. पाच नंबर गॅलरीत उशीवर बसली होती, चांगली गुबगुबीत! त्यांनी तोंड उघडायच्या आधीच बाईंनी घड्याळ पुढे केलं.

"बरं झालं आलास. हे घेऊन जा परत. दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय."

"शक्यच नाही बाई! चाळीस वर्षं हेच करतोय! तुम्ही कशाशी लावून बघितलंत?"

"कोंबडीशी. रोज सकाळी बरोबर सहाला दारावर चोच मारते. मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही."

"म्हणजे... कोंबडी तुम्ही..."

"कोंबडी इथेच राहील. घड्याळ दुरुस्त झालं की कळव."

घड्याळजी टोपलीत घड्याळ घालून परतले. रागारागाने त्यांनी ते टेबलावर ठेवलं, दुकानातल्या चाळीस घड्याळांशी लावलं आणि चोवीस तास त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून बघितलं.

चार मिनिटं मागे. कोंबडी बरोबर होती!