मिशी काढण्याची पूर्वसूचना

श्रीशैलअण्णांनी मिशी काढली, तेव्हा तसं त्यांनी आम्हाला सहा महिने आधी लेखी कळवलं होतं. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, 'पुढील सहामाहीत मिशी बंद होईल. कृपया नोंद घ्यावी.' मग तीन महिने ती नुसती बारीक केली, बघणाऱ्यांना सवय व्हावी म्हणून. सहा महिने भरले त्या दिवशी काढली. आणि चौथ्या दिवशी पुन्हा ठेवायला घेतली.

"काय झालं अण्णा?"

"एका युजरची तक्रार आली."

आम्ही पोट धरून हसलो.

सोलापुरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत अण्णा माझ्या शेजारी बसतात. त्यांची खरी ओळख मात्र 'धोटा'. प्रोग्रामचे सुटे तुकडे जुळवून चालतं सॉफ्टवेअर बांधून देणारं हे अवजार अण्णांनी बनवलं आणि जगाला फुकट वापरायला दिलं. घर भवानी पेठेतल्या विणकरांच्या वस्तीत, म्हणून नाव मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचं. हल्ली ते आम्ही दोघं मिळून सांभाळतो. म्हणजे मी बदल सुचवतो आणि अण्णा नाही म्हणतात.

अशा अवजारांचा एक रिवाज असतो. आवृत्तीचा पहिला आकडा बदलला, की जुनं मोडायची मुभा. तीनची चार झाली आणि पहिल्या आवृत्तीच्या काळातल्या फायली चालेनाशा झाल्या, तरी कुणी बोल लावत नाही. माझी चार नंबरची आवृत्ती दोन वर्षं तयार होऊन पडली होती. जुन्याचं ओझं टाकलं असतं तर निम्म्या वेळात काम झालं असतं. पण अण्णांचं एकच पालुपद, "जुन्यानं विचारलं तर नव्यानं उत्तर द्यायचं. मोडायचं न्हाई."

हा नियम चहाच्या टपरीलाही लागू. एकदा टपरीवाल्यानं भज्यांबरोबर शेंगाचटणीऐवजी सॉस दिला. अण्णा म्हणाले, "हा मेजर बदल हाय. आधी पाटी लावायला पायजे होती की." बिचाऱ्यानं खरंच पाटी लावली, 'सोमवारपासून चटणी बंद'. सोमवार उजाडायच्या आत गिऱ्हाइकांनी भांडून चटणी चालू ठेवायला लावली. अण्णा आठवडाभर खुशीत होते.

शेवटी माझं डोकं फिरलं. चारला हो म्हणा, नाहीतर मी धोटा सोडतो, हे तोंडावर सांगायला एका रविवारी त्यांच्या घरी गेलो.

खाटेवर त्यांची आई बसली होती. अण्णा तिला दुधात भाकरी कुस्करून भरवत होते.

"शैल्या, भोंगा झाला का रं? तुझे अप्पा आले न्हाईत अजून."

"झाला की, आई. येतील आता."

गिरणी बंद पडून जमाना लोटला, आणि अप्पा तर त्याच्याही आधी गेले. मी बसलो तेवढ्यात तिनं हे चार वेळा विचारलं. अण्णांनी चारही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं.

"मिशी काढली तवा वळखंना झाली मला," ते म्हणाले. "कोण तुमी, म्हनली. तीन दिवस माज्या हातचं जेवली न्हाई."

मला आमचं ते हसणं आठवलं आणि लाज वाटली. बरोबर नेलेलं भांडण गिळून मी म्हटलं, "चार नंबरचं राहू दे अण्णा. मी उगीचच घाई करत होतो."

"न्हाई, काढा तुमी." त्यांनी आईच्याच पदरानं तिचं तोंड पुसलं. "वर्षाची नोटीस द्या आन् जुनं बंद करा. मीच अडवून बसलो. जुनं वापरणाऱ्या लोकांना नवं शिकता येतंय की."

"शैल्या, भोंगा झाला का रं?"

"झाला की, आई," अण्णा म्हणाले. "येतील आता."