तठे एकदाच इचारतस

बाविस्कर नाना चहाला एकदाच विचारतात.

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या खानदेशात चहाला एकदाच विचारणं म्हणजे जवळजवळ हाकलून देणं. इथे घरचा माणूस विचारतो, पाहुणा "नको नको" म्हणतो, घरचा म्हणतो "असं कसं", पाहुणा म्हणतो "आत्ताच घेऊन निघालो", मग घरचा माणूस आत तोंड करून ओरडतो, "ठेव गं!" आणि चहा होतो. कमीत कमी तीन फेऱ्या. नाना पहिल्या फेरीलाच थांबतात. तुम्ही "नको" म्हणालात की तुमच्यासाठी आलेला कप ते स्वतःकडे ओढतात आणि तुमच्याकडे बघत बघत शेवटच्या घोटापर्यंत पितात. मग कप खाली ठेवून शांतपणे म्हणतात, "तठे एकदाच इचारतस."

तठे म्हणजे तिकडे. आणि नानांच्या बोलण्यात तिकडे म्हणजे नॉर्वेत.

मी त्यांच्या टेबलासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीनं उपाशीपोटी आले होते. चहाचा वास आला. तरी "नको" म्हणाले, कारण आईनं तसंच शिकवलं आहे. नानांनी माझा चहा प्यायला. सोबतचं बिस्किटही खाल्लं.

आमच्या विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात नाना वरिष्ठ लिपिक आहेत. त्यांच्या खोलीवर "आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण कक्ष" अशी मोठी पाटी आहे. पाटी दारापेक्षा रुंद आहे. दार उघडलं की एक लोखंडी कपाट, एक टेबल, भिंतीवर नॉर्वेचा नकाशा आणि नाना. पूर्वी त्या खोलीत गॅदरिंगचे पडदे ठेवत. दर वर्षी आमच्यातले दोन विद्यार्थी दहा आठवड्यांच्या क्षेत्रकार्यासाठी नॉर्वेतल्या एका विद्यापीठात जातात आणि तिकडचे दोघे-तिघे इकडे येतात. आपले विद्यार्थी तिथल्या वृद्धाश्रमात आणि शाळांत काम करतात, त्यांचे इथे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर. निवड प्राध्यापक करतात. पासपोर्ट, व्हिसा, विमा हे नाना बघतात. आणि माणूस तयार करणं हेही. हे शेवटचं काम कुठल्याही परिपत्रकात नाही, नानांनी ते स्वतःकडे घेतलं आहे.

दर शनिवारी त्यांचा सराव वर्ग असतो. आम्ही जायला उत्सुक असलेले सात-आठ जण बाकांवर, नाना टेबलाच्या कडेला टेकून. पहिलं वाक्य ठरलेलं: "बठ्ठं लिखी ठेव." सगळं लिहून ठेवा. आम्ही लिहायचो. तिकडे पगार विचारायचा नाही. लग्न झालं का विचारायचं नाही. किती एकर, ते तर नाहीच.

एकदा त्यांनी आम्हाला जळगावच्या बसस्थानकावर नेलं. प्रत्येकानं एका अनोळखी माणसाशेजारी अर्धा तास बसायचं आणि "कुठल्या गावचे?" हे विचारायचं नाही. तिकडे माणसं असंच बसतात म्हणे. माझी मैत्रीण कल्पना एरंडोलची. ती चौथ्या मिनिटाला फुटली. दहाव्या मिनिटाला शेजारच्या बाई तिच्या आईच्या मावसबहिणीची नणंद निघाल्या. कल्पना पिशवीभर पेरू घेऊन परत आली.

"नापास," नाना म्हणाले.

"पण नाना, आधी त्यांनीच विचारलं!"

"तू उत्तर का दिलं?"

"मावशी निघाली हो ती!"

"तठे कोन मावशी निघनार शे तुन्ही?" असं म्हणून नानांनी तिच्या पिशवीतला एक पेरू घेतला. घेण्याआधी कल्पनानं त्यांना एकदाच विचारलं होतं आणि त्यांनी लगेच "हो" म्हटलं होतं. त्यांचं सगळं नियमाला धरून असतं.

दुसऱ्या एका शनिवारी नावांचा सराव होता. तिकडे प्राध्यापकांनाही नुसत्या नावानं हाक मारतात, तर सुरुवात माझ्यापासून करा, असं नाना म्हणाले. त्यांचं नाव श्रावण. पन्नाशीच्या माणसाला तोंडावर "श्रावण" कसं म्हणायचं? माझी पाळी आली. मी भिंतीकडे बघून म्हणाले, "श्रावण... नाना."

"नाना तठे नाही."

"श्रावण... सर."

"बस खाली, माय."

पण त्यांचा मुख्य धडा 'नको'चा. त्यासाठी ते एक जुनी वही काढत. आजवर गेलेल्यांनी तिकडे काय काय चुका केल्या ते त्यात आहे. धुळ्याचा एक विद्यार्थी पहिल्या दिवशी यजमानांकडे जेवायला बसला. त्यांनी बटाटे पुढे केले, हा संकोचानं "नको" म्हणाला. त्यांनी भांडं उचलून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पोरगा तीन दिवस आईनं दिलेल्या बिबड्यांवर जगला. आमच्याकडचे ते ज्वारीचे पापड, तेही तळायची सोय नाही म्हणून कच्चेच.

हे ऐकून आम्ही हसायचो. नाना हसत नसत. "यजमान वाईट नव्हते," ते म्हणायचे. "त्यांनी त्याचा शब्द खरा मानला. चूक कोणाची?"

इकडे येणाऱ्यांना मात्र ते उलटं शिकवत. मागच्या वर्षी मारिट नावाची मुलगी आली होती. तिला यावलच्या बाजूला एका पाड्यावर जायचं होतं. नानांनी तिला इंग्रजीत एक कार्ड लिहून दिलं. त्याचा अर्थ असा: पहिला नको म्हणजे रीत, दुसरा नको म्हणजे लाज, तिसरा नको म्हणजे पोट भरलं. मारिटनं ते पाठ केलं. आठवड्यानं ती परत आली ती पोट धरूनच. तिसऱ्या 'नको'वर तिथे कोणी विश्वासच ठेवला नाही म्हणे. नानांनी तिच्या कार्डावर खाली एक ओळ वाढवली: ताटावर दोन्ही हात आडवे धर, तेही पुरलं नाही तर ऊठ आणि पळ.

आम्हाला वाटायचं, नाना तिकडे दहा वेळा तरी जाऊन आले असतील. स्टेशनातून बाहेर आलात की डावीकडे वळा, उजवीकडे चढ आहे. कोपऱ्यावरची बेकरी शनिवारी लवकर बंद होते. नदीवरच्या पुलावर वारा असतो, टोपी धरा. इतकं तर मला पाचोऱ्याचं सांगता येणार नाही. मी एकदा विचारलं, "नाना, तुम्ही किती वेळा गेलात?"

"ती निळी फाईल दे इकडे," ते म्हणाले.

नाना एकटे राहतात. त्यांच्या लग्न न होण्यावरही विभागात एक विनोद आहे, तो मी इथे लिहीत नाही.

आता माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेली मी पहिली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये आहेत, आई शेतात कामाला जाते. जायचा सगळा खर्च तिकडचं विद्यापीठ देतं, त्यामुळे निवड झाली तरच जाणं, नाहीतर दुसरा रस्ता नाही. हे माझं शेवटचं वर्ष होतं. मला जायचं होतं. किती जायचं होतं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मुलाखत घ्यायला तिकडून इंग्रिडबाई आल्या होत्या. विभागप्रमुखांच्या खोलीत त्या, आमचे सर, दोन प्राध्यापक आणि कोपऱ्यात फायली घेऊन उभे नाना. मी आत गेले. वृद्धांच्या एकटेपणाबद्दल विचारलं, मी सांगितलं. पाचोऱ्यात केलेल्या क्षेत्रकार्याबद्दल विचारलं, तेही सांगितलं. इंग्रजी अडखळत होतं पण चाललं. मग इंग्रिडबाई हसल्या आणि सरळ विचारलं, "मग, तुला यायचं आहे का?"

मी म्हणाले, "नो, नो, मॅडम."

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. लगेच "हो" म्हटलं तर हावरट दिसेल असं वाटलं. बाहेर कल्पना बसली होती, तीही आठवली. खरं सांगायचं तर मी काही विचारच केला नाही, ते तोंडातून आपोआप आलं, ताटात पहिली भाकरी वाढताना येतं तसं.

इंग्रिडबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. पेन उघडलं. माझ्या नावासमोर काहीतरी लिहिलं, अगदी थोडं. मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले. त्यांनी पान उलटलं.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. "मॅडम, आस्क अगेन."

सगळ्यांनी वळून पाहिलं. नानांनी फायली एका हातात घेतल्या होत्या आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं वर केली होती. "धिस इज ओन्ली फर्स्ट नो, मॅडम. इन अवर एरिया, थ्री. प्लीज आस्क अगेन."

"बाविस्कर!" सर म्हणाले.

नाना हलले नाहीत. बोटं तशीच वर. ज्या माणसानं कोणालाही कधी दुसऱ्यांदा चहा विचारला नाही, तो माझ्यासाठी दुसरा प्रश्न मागत होता. इंग्रिडबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पान परत मागे उलटलं. "तुला यायचं आहे का?"

मी इतक्या मोठ्यानं "येस" म्हणाले की बाहेर कल्पनाला ऐकू गेलं. त्यानंतर ती आत आली, बसस्थानकावर नापास झालेली कल्पना. तिनं पहिल्याच प्रश्नाला "येस" म्हटलं. आम्ही दोघी निवडल्या गेलो.

नानांनी मला शाबासकी वगैरे दिली नाही. "वर्षभर काय शिकवलं मी?" एवढंच म्हणाले, आणि आठवड्यानं मी वडिलांच्या सहीचं संमतीपत्र आणलं तेव्हा ते फायलीला लावायला मलाच सांगितलं. "वरच लाव. खालचं उपसू नको."

पण फायलीची दोरी जुनी होती. गाठ सोडताना सगळा गठ्ठा सुटला आणि टेबलावर उलटा पडला. सर्वांत जुना कागद वर आला. देवाणघेवाणीचं पहिलं वर्ष. त्यात दोन नावं होती. पहिल्यापुढे सही. दुसरं नाव श्रावण बाविस्कर, द्वितीय वर्ष, आणि त्यापुढे कोणाच्या तरी नीटस अक्षरात इंग्रजीतली दोनच अक्षरं: नो. इंग्रिडबाईंनी माझ्या नावासमोर काय लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"नाना," मी म्हणाले, "हे तुम्ही?"

त्यांनी शाईचं पॅड उघडलं, बंद केलं. "मीच."

"घरचे नाही म्हणाले होते का?"

"वडिलांनी नवा शर्ट शिवला होता."

"मग?"

"मग काय? तिकडच्या पाहुण्यांनी विचारलं, मी नको म्हटलं. लगेच हो म्हणणं बरं दिसतं का? म्हटलं, पुन्हा विचारतीलच. बाहेर व्हरांड्यात बसलो. जेवायला गेलो नाही, तेवढ्यात बोलावलं तर पंचाईत. साडेचारला त्यांची गाडी निघाली." त्यांनी पॅड खणात ठेवलं. "गाडीतून हात केला मला. माणसं चांगली होती."

मी कागद गोळा करू लागले.

"वाकडा लागला तो," नाना म्हणाले. "काढ आणि परत लाव."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. कँटीनच्या मावशींनी दोन कप आणून ठेवले. नानांनी विचारलं, "चहा?" मी "हो" म्हणाले. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. त्यांना बरं वाटलं असावं. चहा पिऊन झाल्यावर मी विचारलं, "नाना, तिकडून तुमच्यासाठी काय आणू?"

"काही नको."

नियमानं विषय इथे संपला होता. आजवर जे जे गेले त्या सगळ्यांनी निघताना हे विचारलं असेलच, आणि नानांनी त्यांना फार नीट शिकवलं होतं.

"सांगा ना नाना, काय आणू?"

"नको म्हटलं ना, माय."

मी कप बाजूला ठेवला. "नाना, काय आणू?"

ते नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणू काही नको. एक कार्ड टाक. साधं, चित्राचं. त्या पुलाचं मिळालं तर बघ. पण घरच्या पत्त्यावर टाक. इथं आलं की आवक क्रमांक द्यावा लागतो."

मी पत्ता लिहून घ्यायला वही काढली. तोवर नानांनी शर्टच्या खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून एक चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. पत्ता आधीच लिहिलेला होता, इंग्रजीत, ठसठशीत अक्षरात. घडीवर कागद फाटत आला होता.